एक दगड, तीन वाटा

आज आधी एक कोडं. डोळे मिटून तुम्ही सायकलच्या कॅरिअरवर बसलात, तर सायकल कुठल्या रस्त्यावरून चालली आहे ते सांगता येईल का?

येईल की! डांबरी रस्त्यावर चाक नुसतं सूंऽऽ करतं. मुरमावर कर्र कर्र वाजतं. गिट्टीवर खडखडाट होतो आणि हादरे थेट मानेपर्यंत पोचतात. ओल्या काळ्या मातीत मात्र आवाजच बंद होतो, आणि थोड्या वेळाने सायकलही!

आमच्या झरी जामणी तालुक्यातल्या मुलांना हे कोडं सोपं आहे. आमचा तालुका यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेला लागून. सागाचं जंगल, लहानमोठ्या टेकड्या, त्यांच्यामधून वाहणारे नाले आणि खाली पैनगंगेचं खोरं. टेकड्यांच्या कुशीत कोलाम लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांना म्हणतात पोड. पोडावरून मोठ्या गावातल्या शाळेत जायचं तर सायकल ही मोठीच सोय. आठवीपासून पुढच्या गरजू मुलींना सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळते, ती याच वाटांवरून धावते.

आता गंमत ऐका. अशा कच्च्या रस्त्यावर सायकल चालवणं हा जगात एक मोठा खेळ झाला आहे. त्याचं नाव ग्रॅव्हल बायकिंग. ग्रॅव्हल म्हणजे आपली बारीक खडी. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, एम्पोरिया गावी २००६ सालापासून अशी शर्यत होते. अंतर किती माहीत आहे? सुमारे ३२० किलोमीटर! तिथल्या टेकड्यांत चकमकीचा धारदार दगड आहे, त्याने टायर फाटतात. २०२२ साली तर इटलीत या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली.

त्या महागड्या सायकलींचे टायर साधारण चाळीस मिलिमीटर रुंद असतात. आता घरात आजोबांची जुनी काळी सायकल असेल, तर तिच्या टायरवरचे आकडे वाचा. २८ आणि दीड असं लिहिलेलं असेल. हा दीड म्हणजे दीड इंच, म्हणजेच ३८ मिलिमीटर! कच्च्या रस्त्याला रुंद टायर हवा, हे आजोबांच्या सायकलीला कधीचंच ठाऊक होतं.

पण नुसत्या टायरने भागत नाही. रस्ता वाचता आला पाहिजे. त्यासाठी आधी दगडाची गोष्ट समजून घेऊ.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीतून तप्त लाव्हा बाहेर आला आणि पसरत गेला. तो थंड होऊन काळा दगड झाला. त्याला बेसाल्ट म्हणतात. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि त्याला तडे जातात. कधीकधी हे तडे इतके नेटके असतात, की दगडाचे सहा कोनांचे खांबच तयार होतात. असे खांब आमच्याच तालुक्यात शिबला-पार्डी भागात रस्त्याचं काम चालू असताना उघडे पडले, तेही २०२२ सालीच. रस्ता करायला गेलो आणि साडेसहा कोटी वर्षांची भेट झाली!

हा काळा दगड फोडला की होते गिट्टी. तोच दगड ऊन, पाऊस आणि झाडांच्या मुळांनी हजारो वर्षं झिजला, भुसभुशीत झाला, की होतो मुरूम. आणि मुरूमही झिजून झिजून अगदी बारीक झाला, की होते आपली कापसाची काळी माती. म्हणजे दगड एकच, पण त्याची रूपं तीन, आणि तिन्हींवर सायकल चालवायची रीत वेगळी.

मुरमात थोडी माती असते. ती दगडांना धरून ठेवते, म्हणून दाबलेला मुरूम सायकलीला सगळ्यात चांगला. चढावर मात्र सीटवरून उठू नका. तुमचं वजन मागच्या चाकावर असलं तर ते घसरत नाही.

गिट्टीत माती नसते. खडे एकमेकांवर गोट्यांसारखे फिरतात. उतारावर वेग आधीच कमी करा. वळणावर ब्रेक दाबायचा नाही, वळणाच्या आधी दाबायचा. आणि नुसता पुढचा ब्रेक तर कधीच नाही. माझ्या कोपरावर त्याची खूण अजून आहे! एक हिशेबही लक्षात ठेवा : वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं.

आणि ओली काळी माती? ती चाक आणि मडगार्ड यांच्यात अशी काही भरते की विचारू नका. तिथे एकच रीत. खाली उतरा, काडीने माती काढा आणि सायकल हाताने ढकला.

आणखी एक. जंगलातली वाट काही एकट्या माणसाची नाही. आमच्या शेजारच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ २०१९ साली निघाला, तो तेराशे किलोमीटरहून जास्त चालून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून हे कळलं. त्याचं नावच पडलं वॉकर, म्हणजे चालणारा. वाघालाही काट्याकुट्यांपेक्षा मोकळी वाट आवडते. म्हणून जंगलाच्या वाटेवर पहाटे आणि तिन्हीसांजेला जायचं नाही, एकट्याने जायचं नाही आणि घंटी वाजवत राहायचं.

हे सगळं मला शिकवता येतं, बरं का. पण एक धडा मलाच एका मुलीने शिकवला.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रभर टेकड्यांवर पाऊस झाला होता. सकाळी मी मीटिंगला निघाले होते. वाटेत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. आता ती आठवीत आहे. तिची त्या दिवशी गणिताची चाचणी होती. पुढे नाल्यावरच्या रपट्यावरून गढूळ पाणी वाहत होतं, घोट्याच्या जरासं वर.

मी म्हणाले, “चल, सायकली हातात धरून जाऊ. एवढंसं तर पाणी आहे.”

ती जागची हलली नाही. म्हणाली, “थांबा मॅडम. गोटे वाजून राहिले.”

मी कान दिला. पाण्याच्या आवाजाखालून टक्, टक्, ठक् असं काहीतरी ऐकू येत होतं. नाल्याच्या तळाशी दगड गडगडत होते! नाल्यात मासे धरणाऱ्या तिच्या आजोबांनी तिला सांगून ठेवलं होतं : गोटे वाजत असले तर पाण्यात पाय घालायचा नाही. बरोबरच आहे. जे पाणी दगड ढकलतं, ते आपले पाय कितीसे टिकू देईल?

आम्ही अडीच तास थांबलो. हळूहळू टकटक थांबली, पाणी उतरलं आणि रपटा दिसू लागला. पलीकडच्या टोकाचा मुरूम पार वाहून गेला होता. तिथे कमरेइतका खड्डा पडला होता. मी नेमका तिथेच पाय ठेवला असता.

मला मीटिंगमध्ये बोलणी बसली, त्याचं काही नाही. पण तिची चाचणी हुकली. मी समजूत घालायला गेले, तर डोळे पुसत म्हणाली, “चाचणीच बुडाली ना मॅडम, मी तर नाही बुडाली!”

तेव्हा दोस्तांनो, सायकल जोरात चालवणारे पुष्कळ असतात. वाट काय सांगते ते ऐकून वेळेवर खाली उतरतो, तो खरा सायकलस्वार.

आता तुमचं काम. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर मुरूम कुठे, गिट्टी कुठे, काळी माती कुठे आणि पावसात पाणी कुठे चढतं, याचा एक नकाशा काढा. वाटेत आजोबा-आजी भेटतील, त्यांनाही विचारा. नकाशा आमच्याकडे जरूर पाठवा. दगड मात्र पाकिटात घालू नका हं, पोस्टमनकाका रागावतील!