गाणाऱ्याला नुसतं जेवण नको, ठरलेलं मानधन द्या

राजेहो, पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

"ऑर्केस्ट्रावाले म्हणजे दुसऱ्याची गाणी गाऊन पोट भरणारे नकलाकार." हे वाक्य मी या शनिवार-रविवारी दोन दिवसांत तीनदा ऐकलं. एकदा बारमालकाच्या तोंडून, एकदा शेजारच्या टेबलावरच्या साहेबांकडून आणि एकदा आमच्याच गाडीत, आमच्याच मित्राकडून. म्हणून लिहितोय.

झालं असं की आम्ही तिघांनी ठरवलं, भंडारा, तुमसर रोड आणि साकोलीकडे "लाइव्ह म्युझिक"चा बोर्ड लावलेले जे बार-रेस्टॉरंट आहेत ते बघायचे. दारू हे निमित्त, ऐकायचं होतं गाणं. तीन ठिकाणी बसलो. नावं देत नाही, कारण रडगाणं सगळीकडचं एकच आहे.

पहिल्या ठिकाणी दोन गायक, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड. दुसऱ्या ठिकाणी वाजवणारा एकही नाही, एक मुलगी मोबाईलमधल्या कराओके ट्रॅकवर एकटी गात होती. तिसऱ्या ठिकाणी मात्र पाच जणांची पूर्ण पार्टी होती, ढोलक आणि बेस गिटारसकट. तो ढोलकवाला काय वाजवत होता बाप्पा! गायकानं अंतऱ्यात सूर जरा खाली घेतला, तर बाकीच्यांनी डोळ्यांनीच एकमेकांना सांगून त्याला सांभाळून घेतलं. ट्रॅक असं सांभाळत नाही. ट्रॅक पुढे निघून जातो आणि गाणारा उघडा पडतो.

मध्ये चहा प्यायला बाहेर आलो तेव्हा त्यांच्याशी बोललो. मानधन काय ठरलं? एकजण हसला. "जेवन देतेत जी. वरून लोकं जे टाकतीन ते." म्हणजे फर्माईशीचे दहा-वीस-पन्नास. त्यातून पाच जणांचे वाटे, साऊंडचं भाडं, दोन बाइकचं पेट्रोल. उरते ती फार तर एका मजुराची हजेरी, तीही गिऱ्हाईक खुशीत असलं तर.

मालकाला विचारलं तर उत्तर तयार, "जेवन तं देतोच ना भाऊ, पैसे कायचे? ते तं नक्कलच करतेत."

आता या "नक्कल" शब्दाचा एकदा हिशोब करू.

ज्या सिनेमाच्या गाण्यांची ही मंडळी नक्कल करतात, ती गाणी वाजवली कोणी? मुंबईच्या हॉटेलांत आणि क्लबांत विलायती धून वाजवणारे गोव्याचे वादक १९४० आणि ५० च्या दशकात मोठ्या संख्येनं फिल्म स्टुडिओत गेले, आणि हिंदी सिनेमाचा वाद्यमेळ त्यांच्या हातून घडला. त्यातलेच अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये त्यांचं नाव एका गाण्यात अजरामर झालं, ते शिष्यानं गुरूची आठवण ठेवली म्हणून. हॉटेलात दुसऱ्याची गाणी वाजवून ज्यांचे हात तयार झाले, त्यांच्यामुळेच तुमची आवडती गाणी तशी वाजली. नक्कल ही वादकाची शाळा असते. शाळेत जाणाऱ्याला भिकारी म्हणायचं नसतं.

आणि लांब कशाला जायचं? आपली झाडीपट्टी बघा. दिवाळीनंतर धान घरी आलं की होळीपर्यंत गावोगावी नाटक. वडसाच्या कंपन्या, शंकरपट, मंडई, रात्रभर मांडव भरलेला. स्टेजच्या बाजूला ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड घेऊन वादक बसलेले, आणि नट स्वतः गाणारे. तिथं आपला शेतकरी तिकीट काढून बसतो. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मग सांगा, मांडवातल्या गाण्याला तिकीट आणि बारमधल्या गाण्याला फुकटची दाद, हा न्याय कुठला? हात तर बरेचदा तेच असतात. सीझन संपला की त्या वादकानं सात-आठ महिने काय वाजवावं, हवा?

काहीजण म्हणतील, तू बारची बाजू घेतोस. अजिबात नाही. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, आपल्याकडे नाही. ती असावी की नसावी हा वेगळा वाद, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन. पण बार आहे, तो बोर्डावर "लाइव्ह म्युझिक" लिहून गिऱ्हाईक खेचतो आणि त्या जोरावर बिल वाढतं, एवढं तरी खरं ना? बिलात दारू आहे, चखणा आहे, पाण्याची बाटली आहे. फक्त गाण्याचा पैसा नाही.

दुसरा मुद्दा, हक्काचा. व्यावसायिक ठिकाणी सिनेमाची गाणी सादर करायची तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कासाठी परवाना लागतो. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था १९६९ पासून त्याचसाठी आहे. लग्नाच्या वरातीला कायद्यात सूट आहे, बारला नाही. हा परवाना मालकानं काढावा, गायकाच्या गळ्यात टाकू नये. पण बघा गंमत, ज्यानं गाणं लिहिलं त्याच्या पैशासाठी कायदा आहे, ज्यानं चाल दिली त्याच्यासाठी आहे. आज रात्री जो घसा फोडून गातोय, त्याच्यासाठी मालकाची मर्जी.

तिसरा मुद्दा आवाजाचा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हा २००० सालचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. लहान लेकरं, म्हातारी माणसं, परीक्षा देणारी पोरं, सगळ्यांना झोप पाहिजे. पण नियम सगळ्यांना सारखा लावा. १० वाजून ५ मिनिटांनी पाच जणांच्या पार्टीचं मशीन बंद करायला लावतात, आणि भिंती हादरवणारा डीजे मिरवणुकीत रात्री ११ ला रस्त्यावर असतो. त्याच्यामागे मंडळ असतं, मंडळामागे नेता असतो. ढोलकवाल्यामागे फक्त त्याचं घर असतं.

आणि ती ट्रॅकवर गाणारी मुलगी. एका टेबलावरून शेरे येत होते, दुसऱ्यावरून मोबाईल तिच्या तोंडासमोर. ती डोळे मिटून गात राहिली. रात्री ११ नंतर तिला घरी कोण सोडणार, हे मालकानं ठरवलेलंच नव्हतं. बारमधल्या कार्यक्रमांसाठी महाराष्ट्रानं २०१६ मध्ये कायदा केला, त्याच्या नावातच तिथं काम करणाऱ्या स्त्रियांची प्रतिष्ठा आहे. ती प्रतिष्ठा कागदावरून टेबलापर्यंत कधी येणार?

माझ्या मागण्या साध्या आहेत. सुपारी ठरतानाच रक्कम ठरावी, अर्धी आगाऊ मिळावी. फर्माईशीचे पैसे त्याच्या वर, मालकाचा त्यात वाटा नको. बोर्डावर "लाइव्ह" लिहिलं तर वाजवणारा माणूस असावा, ट्रॅक असेल तर "कराओके" लिहा. बाई गाणार असेल तर तिला घरी पोचवायची जबाबदारी मालकाची. आणि नगरपरिषदांनो, मंडळांनो, मुंबईच्या एका चेहऱ्यावर लाखो उधळता, त्याच स्टेजवर पहिला एक तास आपल्या जिल्ह्याच्या पार्टीला द्या. फुकट नाही, पैसे देऊन.

तुम्ही आम्ही काय करायचं? पुढच्या वेळी बसाल तेव्हा मालकाला एकच प्रश्न विचारा, "यांना किती देता?" दहा टेबलांनी विचारलं तर त्याला उत्तर शोधावं लागेल.

आणि कमेंटमध्ये आपल्या गावच्या पार्टीचं नाव लिहा. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, लाखनी, साकोली, लाखांदूर, सातही तालुके. लग्न, बारसं, गणपती आला की यादी कामी येईल. फक्त भाव करताना आपल्या पोराच्या ट्यूशनच्या फीचा भाव करतो का, ते एकदा आठवा.