व्हरांड्यातले वायफाय आणि शेवटचा बाक

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ग्रामीण भागातील सर्व सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमार्फत ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी मे महिन्यात दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा वायफायसाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. परंतु शाळेच्या फाटकापर्यंत आलेले इंटरनेट शेवटच्या बाकापर्यंत कसे पोहोचणार, हा प्रश्न मागेच राहिला.

‘युडायस प्लस’च्या २०२४-२५ च्या अहवालानुसार इंटरनेट असलेल्या शाळांचे प्रमाण ५३.९ टक्क्यांवरून ६३.५ टक्क्यांवर गेले. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. मात्र मुख्याध्यापकांच्या खोलीत एक तार आली तरी रकान्यात ‘होय’ लिहिता येते. त्या ‘होय’मध्ये वर्गातील चाळीस मुले आहेत की नाहीत, हे आकडा सांगत नाही.

तामिळनाडूचेच उदाहरण घ्यावे. बावीस हजारांहून अधिक सरकारी प्राथमिक शाळांत स्मार्ट वर्ग उभारण्याचा कार्यक्रम या राज्याने हाती घेतला आणि शिक्षकांच्या हाती टॅब्लेट दिले. इच्छाशक्तीची उणीव तिथे नाही. पण चेन्नईच्या दक्षिणेस, ग्रँड सदर्न ट्रंक रस्ता आणि लोहमार्ग यांच्या दुतर्फा दाटीने वाढलेले, २०२१ मध्ये महानगरपालिका झालेले तांबरम पाहिले की खरी अडचण कळते. अशा वस्तीतल्या शाळेभोवतीच्या घराघरांतील राउटर त्याच हवेत बोलत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शाळेची घंटा होण्याआधीच ते शेजाऱ्यांनी व्यापलेले असतात.

अशा ठिकाणी सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा उपाय म्हणजे व्हरांड्यात एक शक्तिशाली ॲक्सेस पॉइंट टांगणे. तार कमी लागते, पेटी दिसते, उद्घाटनाचे छायाचित्रही चांगले येते. भौतिकशास्त्राला मात्र छायाचित्राशी देणेघेणे नसते. विटांच्या एका भिंतीपलीकडे रेडिओलहरींची शक्ती साधारणतः चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी उरते. काँक्रीट आणि लोखंडी कपाट त्याहून कठोर. उलट मोकळ्या व्हरांड्यात त्याच लहरी दूरवर धावतात आणि दुसऱ्या टोकाच्या पेटीच्या बोलण्यात व्यत्यय आणतात. म्हणजे जिथे मुले आहेत तिथे आवाज क्षीण आणि जिथे कोणीच नाही तिथे गलका.

पेटी वर्गात लावली की हीच भिंत मित्र होते. ती शेजारच्या वर्गाचा गोंगाट अडवते आणि तोच चॅनेल थोड्या अंतरावर पुन्हा वापरू देते.

दुसरा गैरसमज ‘पूर्ण रेंज’चा. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दुबळ्या संकेतावरचे उपकरण सावकाश बोलते. दहा मेगाबिटचा मजकूर १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने एका सेकंदाच्या दहाव्या भागात उतरतो. २ मेगाबिट वेगाने त्याला पाच सेकंद लागतात. तेवढा वेळ सारा वर्ग खोळंबतो. कोपऱ्यातील एका मुलाची गैरसोय ही अशी सर्वांची गैरसोय होते. शिवाय पेटीची शक्ती वाढवून टॅब्लेटची वाढत नाही. पेटीचा आवाज मुलापर्यंत पोहोचतो, मुलाचे उत्तर पेटीपर्यंत पोहोचत नाही, आणि पडद्यावर रेषा मात्र पूर्ण दिसतात.

सहा गिगाहर्ट्झ हे सारे दूर करील, अशी आशा बाळगणाऱ्यांनी मसुदा नीट वाचावा. तो इमारतीच्या आत कमी शक्तीने वापरण्याची मुभा देतो. या लहरी भिंतीपुढे अधिकच हतबल असतात, आणि जुन्या टॅब्लेटना हा पट्टा दिसतही नाही. व्हरांड्यातल्या पेटीसाठी हे वरदान नव्हे.

खर्चाचा आक्षेप खरा आहे, पण अपुरा. प्रत्येक वर्गात पेटी हवीच असे नाही. जिथे मुलांच्या हाती उपकरणे देऊन शिकवले जाते, तिथून आरंभ करता येतो. इथरनेटची तार शंभर मीटरपर्यंत जाते आणि तीच पेटीला वीजही पुरवते. इमारतीची दुरुस्ती चालू असतानाच ती ओढली तर खर्च आटोक्यात राहतो. चॅनेलची नीट वाटणी करणे, पेटीची शक्ती बेताची ठेवणे, ती छताला खाली तोंड करून आणि पंख्याच्या पात्यांपासून दूर लावणे यांस पैसा नव्हे, विचार लागतो. तो विचार निविदेत नसतो, कारण निविदा पेट्या मोजते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेच्या नकाशावर ॲक्सेस पॉइंटच्या जागा आधी आखाव्यात. चाचणी रिकाम्या खोलीत नव्हे, भरलेल्या वर्गात व्हावी. मुलांची शरीरेही लहरी शोषतात. सर्व उपकरणे एकाच वेळी सुरू असताना शेवटच्या बाकावर धडा न अडखळता चालला, तरच देयक मंजूर व्हावे.

ज्या मुलाच्या घरी वायफाय आहे, त्याचे शाळेतल्या चुकीच्या पेटीवाचून फारसे अडत नाही. ज्याच्या घरी नाही, त्याच्यासाठी शाळा हीच एकमेव खिडकी आहे. ती व्हरांड्यात उघडून त्याला वर्गात बसवणे, याला डिजिटल शिक्षण म्हणता येत नाही.