जांभळ्या पाण्यानंतरचे काम

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात मीड गावाजवळ दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब आणि तोफगोळे भरण्याचा कारखाना चालत असे. धुण्याचे पाणी चरांत सोडले जाई. त्यातले आरडीएक्स हे स्फोटक वाळूतून झिरपत भूजलात उतरले आणि कारखाना बंद होऊन अर्धशतक उलटले तरी वाहतच राहिले. आरडीएक्स पाण्यात फार विरघळत नाही, लिटरला जेमतेम ४० ते ६० मिलिग्रॅम; पण ते मातीला धरूनही राहत नाही, म्हणून लांबवर जाते. पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची आजीवन सल्लामर्यादा आहे लिटरमागे २ मायक्रोग्रॅम.

असे पाणी उपसून कार्बनमधून गाळता येते, पण ते काम दशकानुदशके चालते. म्हणून जमिनीतच रासायनिक ऑक्सिडीकरण करण्याचा मार्ग पुढे आला. फेंटन अभिक्रियेतले हायड्रॉक्सिल मूलक जबर असतात, पण क्षणात संपतात. परमँगनेट आरडीएक्सवर सावकाश चालते. मात्र ते जमिनीत आठवडेच्या आठवडे टिकते आणि पाण्याबरोबर पुढे सरकते. पण सगळीच स्फोटके त्याला सारखी दाद देत नाहीत. तेव्हा कोणते स्फोटक किती आहे, हे आधी पाहूनच औषध ठरवावे.

मीडला नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रवाहाच्या आड परमँगनेटचा पडदा उभारून पाहिला. जवळच्या विहिरींतले आरडीएक्स ७० ते ८० टक्क्यांनी उतरले, पण तात्पुरते. परमँगनेट सगळीकडे सारखे पसरलेच नव्हते. या प्रयोगातले यश जितके मोलाचे, तितकीच ही उणीवही.

कॉलऱ्याच्या साथीत विहिरीत परमँगनेट टाकण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. गुलाबी रंग टिकला की मात्रा पुरी झाली, असा तिथला ठोकताळा. भूजलाच्या कामात हाच ठोकताळा घात करतो. निरीक्षण विहिरीतून परमँगनेटने जांभळे झालेले पाणी आले, तर औषध तिथवर पोचले एवढेच कळते. तो नमुना बाटलीत भरून तसाच प्रयोगशाळेकडे धाडला, तर वाटेतही अभिक्रिया चालू राहते आणि अहवालात जमिनीखालच्यापेक्षा स्वच्छ पाणी दिसते. उरलेले परमँगनेट विहिरीच्या काठावरच निष्प्रभ केले पाहिजे, तेही मोजायच्या पदार्थाला धक्का न लावणाऱ्या रसायनाने.

मात्रा ठरवतानाही प्रदूषकाचा हिशेब पुरत नाही. मातीतले सेंद्रिय द्रव्य आणि लोह-गंधकाची खनिजे आधी आपला वाटा खातात. त्याच जागेची माती आणि तेच पाणी घेऊन चाचणी केल्याशिवाय आकडा लिहू नये. शिवाय मँगनीज डायऑक्साइडचा गाळ छिद्रे बुजवतो आणि मातीतल्या क्रोमियमचे विषारी षट्संयुजी रूप तयार होऊ शकते. आरडीएक्सच्या विघटनातून उरणारे नायट्रेट, तसेच क्रोमियम आणि मँगनीज यांच्या नोंदी म्हणूनच आरडीएक्सइतक्याच नेमाने हव्यात.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचे काम दख्खनच्या बेसाल्टात चालते. इथे पाणी भेगांतून, सांध्यांतून आणि मुरमातून वाहते. मोकळ्या भेगेतून औषध पळून जाते आणि घट्ट खडकात मुरलेले प्रदूषण जागीच राहून पुढे हळूहळू परत झिरपते. वाळूतले आकडे इथे लावता येणार नाहीत. आधी मागोवा-द्रव्य सोडून प्रवाहाची वाट समजून घ्या, अंतःक्षेपण मग.

निविदा लिहिणाऱ्या अभियंत्यांना आमची आग्रहाची विनंती आहे. किती किलो परमँगनेट जमिनीत घातले, यावर देयक मंजूर करू नका. औषध पूर्ण संपल्यावर किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा नमुने घेण्याची तरतूद अंदाजपत्रकात सुरुवातीलाच करा आणि शेवटचा हप्ता त्या आकड्यांशी बांधा. त्या परिसरातली माणसे हेच पाणी पिणार आहेत. काम पुरे झाल्याचा दाखला त्यांच्या विहिरीतल्या पाण्यानेच द्यायला हवा.