मत मागणाऱ्याला तीन प्रश्न

निवडणूक आली की आपल्या वस्त्यांतून भोंगा लावलेल्या गाड्या फिरू लागतात, आणि पाच वर्षे ज्याने गल्लीचे तोंड पाहिले नाही तो उमेदवार दारात येऊन हात जोडून उभा राहतो. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कोल्हापूर जिल्ह्यात जी भाषणे कानावर आली, त्यांत दरमहा १५०० रुपये होते, हद्दवाढ होती, शक्तिपीठ महामार्ग होता, आणि बाकी सगळी एकमेकांची उणीदुणी होती. (पंधराशे रुपयांना आमचा विरोध नाही. ज्या बाईच्या हातात ते पडतात तिला त्यांचे मोल आम्हांपेक्षा अधिक कळते.) पण सरकारी शाळेचे काय करणार, परगावाहून येथे राबायला आलेल्या माणसांना काय देणार आणि बाईच्या शरीरावर हक्क कोणाचा मानता, हे तीन प्रश्न कोणी विचारले नाहीत. विचारले नाहीत म्हणून कोणाला उत्तरेही द्यावी लागली नाहीत.

हे प्रश्न आम्ही नव्याने काढलेले नाहीत. विधानसभेच्या एका जुन्या उमेदवाराने या तिन्हींवर फार पूर्वीच आपले मत मांडून ठेवले आहे. १९३७ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघातून उभे राहिले आणि निवडून आले. आदल्या वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. कोल्हापूरकरांना त्या निवडणुकीत मत नव्हते, कारण हे संस्थान होते. कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी. म्हणजे ज्या माणसाला मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी तुमचा पुढारी म्हणून लोकांपुढे उभे केले, त्याला मत देण्याचा हक्क माणगावच्याच लोकांना १९३७ साली नव्हता. ते माणगाव आज हातकणंगले तालुक्यात आहे आणि हातकणंगले हा जिल्ह्यातील एकमेव राखीव विधानसभा मतदारसंघ आहे.

प्रथम शिक्षणाचे पाहू. बाबासाहेब १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात नामनियुक्त सभासद म्हणून गेले आणि १२ मार्चला शिक्षणाच्या खर्चावर बोलायला उभे राहिले. त्या भाषणात भावनेपेक्षा हिशेब अधिक आहे. शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी आकड्यानिशी दाखविले. याच वेगाने चालले तर सर्व मुलांना शाळेत आणायला चाळीस वर्षे आणि मुलींना तीनशे वर्षे लागतील, असेही ते म्हणाले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शाळेवर घाला, अशी त्यांची मागणी होती. आजच्या उमेदवाराला हाच हिशेब आजच्या आकड्यांनी मांडायला सांगून पाहावे. कितीजण कागद हातात घेतील, याची आम्हांला शंका आहे.

कोल्हापुरात या बाबतीत अज्ञानाची सबब चालण्यासारखी नाही. महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एका शाळेत बसविण्याचा हुकूम दिला. शेतावरचे, डोंगरावरचे मूल शहरात येऊन शिकायचे तर त्याला आधी राहायला जागा आणि जेवायला ताट हवे, हे त्यांना कळले होते. म्हणून १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून १९०८ च्या मिस क्लार्क बोर्डिंगपर्यंत आणि त्याही पुढे वसतिगृहांची रांग उभी राहिली. मिस क्लार्क बोर्डिंग तर आपल्याच मुलांसाठी होते.

त्या कोल्हापूरच्या डोंगराळ तालुक्यांत, गगनबावड्यात, शाहूवाडीत, राधानगरीत, भुदरगडात, कमी पटाच्या शाळांच्या डोक्यावर आज तलवार लटकते आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या राज्यभरातील सुमारे पंधरा हजार शाळांच्या जागी 'समूह शाळा' करण्याचा विचार शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये पुढे आणला. एकत्र शाळेत शिक्षक अधिक मिळतील, खेळ होईल, ग्रंथालय होईल, असे त्यामागचे म्हणणे. ते सगळेच खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण पावसाळ्यात ओढा भरून वाहतो तेव्हा धनगरवाड्यावरची सात वर्षांची पोर चार मैलांवरच्या समूह शाळेत कशी जाणार, याचा जबाब त्या कागदात सापडत नाही. मुलगा कसाबसा जाईल, मुलीला घरी बसवतील. तीनशे वर्षांचा तो हिशेब येथेच पुन्हा सुरू होतो.

आता दुसरा प्रश्न, बाईच्या शरीराचा. कुटुंबाच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वडीलधारे म्हणतील. त्यांना आमचे नम्र सांगणे आहे की, बाबासाहेबांना हा विषय कायदेमंडळात मांडताना लाज वाटली नाही.

१९२८ मध्ये गिरणीतील बायांना बाळंतपणाची भरपगारी रजा देणारे विधेयक आले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मालकाने व सरकारने उचलला पाहिजे, अशी बाजू त्यांनी घेतली. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण एवढा नावाजलेला बॅरिस्टर, समाजाचा पुढारी, त्या काळी असल्या आरोपीच्या बाजूने उभा राहतो, हे ध्यानात घ्यावयास हवे. मते जातील याची भीती त्याला नव्हती.

आणि मग १० नोव्हेंबर १९३८. तीनच दिवसांपूर्वी कामगारांच्या संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत मोठा संप झाला होता. त्या गडबडीतही स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत ठराव आणला की, सरकारने सर्वसामान्य लोकांत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याची साधने व सोयी पुरवाव्यात. बाबासाहेब स्वतः हजर नव्हते. त्यांच्या वतीने अहमदनगरचे प्रभाकर जनार्दन रोहम यांनी ठराव मांडला. त्या भाषणात गरिबीचा विचार आहे, बाळंतपणात खंगणाऱ्या व मरणाऱ्या बायांचा विचार आहे, आणि ब्रह्मचर्याचा उपदेश करणाऱ्यांना रोखठोक उत्तर आहे. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला कोणी तयार झाला नसता, असे त्यात म्हटले आहे. त्याहूनही मोलाची गोष्ट अशी की, मूल होऊ द्यायचे की नाही हे सर्वस्वी स्त्रीच्या इच्छेवर असावे, असे मत त्यात स्पष्ट मांडले आहे. १९३८ साली! ठरावाच्या बाजूने ११ मते पडली आणि विरुद्ध ५२.

ठराव पडला, पुढे सरकारने कुटुंबनियोजन आणले खरे, पण त्यात बाईची इच्छा कोठे आहे? महाराष्ट्रात विवाहित बायांपैकी जवळपास निम्म्यांचे ऑपरेशन झालेले आहे आणि पुरुषांचे शंभरात एकाचेही नाही. ग्रामपंचायतीला उभे राहायचे तर सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेले नसावे, असा नियम आहे. विधानसभेच्या उमेदवाराला मात्र तो नाही! खालच्याला नियम आणि वरच्याला मोकळीक, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

कोल्हापूरचा आणखी एक कलंक सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. शाहूंच्या या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. गर्भात मुलगी आहे हे सोनोग्राफीत पाहून ती खुडून टाकण्याचा धंदा शिकल्यासवरल्या, उसाच्या पैशाच्या घरांत चालला होता. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारे उपकरण बसविले गेले. २०११ मध्ये आकडा ८६३ वर आला. मुलगी म्हणून गर्भ पाडणे हा गुन्हाच आहे आणि त्यात दयामाया नको. पण त्या धाकापोटी कायद्याने मिळणारा गर्भपातही बाईला नाकारला जातो, तिला दारोदार हिंडविले जाते, हेही चूकच. आपल्या भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे : १९७१ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झालेल्या बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने काही विशिष्ट कारणांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत गेली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही तोच हक्क असल्याचे सांगितले. उमेदवाराला हे ठाऊक आहे का, आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ही सोय तो करून देणार का?

तिसरा प्रश्न बाहेरून आलेल्यांचा. भायखळा-परळ म्हणजे तरी काय होते? कोकणातून, घाटावरून पोटासाठी आलेल्या गिरणीवाल्यांच्या चाळी. निवडून आल्यावर त्याच वर्षी बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. माणूस गाव का सोडतो आणि शहरात कसा जगतो, ही दोन्ही टोके त्यांनी हातात धरली होती.

आपल्याकडे इचलकरंजीच्या मागांवर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत उत्तरेकडचे कामगार राबतात. मे २०२० मध्ये टाळेबंदीत त्यांना गावी पोहोचवायला कोल्हापूरहून खास रेल्वेगाड्या सोडाव्या लागल्या, तेव्हा ते किती आहेत हे अनेकांना पहिल्यांदा दिसले. पण सर्वांत जवळचे आणि सर्वांत न दिसणारे परके म्हणजे दिवाळीनंतर बीडकडून येणारे ऊसतोड कामगार. त्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस पडून राहिले तर खाडा लागतो. पहाटे थंडीत फडात जायचे, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या, रात्री कोपीत चूल पेटवायची. पाळीच्या दिवसांतही यातून सूट नाही, आणि आडोसाही नाही.

यातूनच 'पिशवी काढण्याचे' प्रकरण झाले. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांची गर्भाशये सर्रास काढली जातात, हे उघड झाल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक बायांची पाहणी झाली. त्यांत तेरा हजारांहून अधिक बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली. तो आकडा बीडचा म्हणून आपण हात झटकू नयेत. त्या बाया राबत होत्या त्या उसाच्या पट्ट्यात कोल्हापूरही येते. ज्या साखरेने येथे बंगले उभे राहिले, तीत त्यांचा घाम आहे.

त्यांच्या मुलांचे काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश देणे स्थानिक संस्थेचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याची योजना जाहीर झाली. म्हणजे बोर्डिंगचा शाहूंचा विचार सव्वाशे वर्षांनी उसाच्या फडातील मुलांपर्यंत निघाला. तोवर फडाच्या कडेला धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली मोठी बहीण दिसतेच. 'अवनि'सारख्या कोल्हापुरातील संस्थेने वीटभट्ट्यांवरच्या आणि फडांवरच्या मुलांसाठी काम केले. पण ते काम संस्थेवर सोडून मोकळे होणारा उमेदवार आम्हांला नको.

आता यांच्याकडे कोणी बघत नाही याचे खरे कारण सांगतो. येथल्या उमेदवाराला यांची भीती नाही, कारण यांचे मत बीडला. बीडच्या उमेदवाराला हे सहा महिने दिसत नाहीत, कारण हे येथे. २०२४ साली गाळप हंगाम सुरू होण्याची तारीख १५ नोव्हेंबर ठरली आणि मतदान २० नोव्हेंबरला होते. टपालाने मत देण्याची सोय सैनिकांना व निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्यांना आहे, ८५ वर्षांपुढील वृद्धांना व मोठे अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येते. कोयत्याला यांतले काहीच नाही. हा नियम बदलणे दिल्लीच्या हातचे आहे हे खरे. पण राज्याच्या विधानसभेला ठराव करून शिफारस करता येते. १९३८ चा ठरावही शिफारशीचाच होता. असा ठराव आणाल का, हा प्रश्न हातकणंगल्यात, शिरोळला, कागलला मत मागायला येणाऱ्याला विचारायला हरकत नाही. 'आणीन' असे लेखी देणारा उमेदवार कोणास भेटल्यास आम्हांला जरूर कळवावे. त्याचे नाव याच सदरात छापू, पक्ष कोणताही असो.