मोटारीचा ज्वर व त्याचें निदान

वैशाख लागला म्हणजे मराठवाड्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, आणि घरोघरच्या मोटारींसंबंधीं एकच गाऱ्हाणें कानीं येऊं लागतें : इंजिन तापतें, गॅरेजांत नेलें, पैसे मोजले, आणि चार दिवसांनीं पुन्हां तापलें. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मिस्त्री लबाड आहे. दुसरा म्हणतो, गाडीच विकून टाकावी. आमच्या मतें दोन्ही पक्ष घाई करितात. निदान झाल्यावांचून वैद्यास दोष देणें व रोग्यास टाकून देणें, हीं दोन्ही सारखींच अविचाराचीं कामें होत.

ताप हें लक्षण आहे, रोग नव्हे. इंधनाच्या उष्णतेचा लहानसा हिस्साच चाकांच्या कामीं येतो. उरलेली धुरावाटे व पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. पंप पाणी फिरवितो. थर्मोस्टॅट सुमारें ऐंशी-नव्वद अंशांच्या दरम्यान त्यास वाट देतो. रेडिएटर व पंखा तें निववितात. झांकणाचें कामही थोडें नाहीं. आमचें छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपांचशे मीटरांहून उंच असल्यामुळें उघड्या पातेल्यांतील पाणी येथें सुमारें ९८ अंशांवरच उकळतें. परंतु घट्ट झांकणाच्या दाबामुळें इंजिनांतील पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाहीं. झांकणाचें रबर झिजलें कीं हें संरक्षण गेलें. म्हणून मोठे भाग बदलण्यापूर्वीं हें अल्पमोली झांकण तपासून घ्यावें.

आतां मुख्य प्रश्न : मोटार तापते केव्हां? क्रांती चौकांत सिग्नलला उभी असतां तापते आणि जालना रोडवर धांवूं लागतांच निवते, तर संशय पंख्यावर घ्यावा. कारण धांवत्या गाडीस वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीस तो पंख्यानेंच द्यावा लागतो. उलट शहरांत शांत राहून कन्नडचा घाट चढतांना तापते, तर पंखा बहुधा निर्दोष. रेडिएटरच्या बारीक नळ्या क्षारांनीं बुजल्या आहेत काय, थर्मोस्टॅट पुरता उघडतो काय, पंप पाणी ढकलतो काय, हें पाहावें. तर्कशास्त्रांत ज्यांस अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, त्यांचा उपयोग पोथीबाहेर होतो तो असा.

आमच्या पुतण्याची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. गेल्या उन्हाळ्यांत चाळीसगांवचें लग्न आटोपून परततांना घाटांत कांटा तांबड्या रेघेवर गेला. गाडींत वृद्ध माणसें व मुलें, वर ऊन्ह. थांबण्यापेक्षां कन्नड गांठावें असें वाटून तो तशीच हांकीत राहिला. गॅरेजांत थर्मोस्टॅट अडकलेला निघाला, तो बदलला. आठवड्यानें पुन्हां ताप. रेडिएटर बदलला, पंप बदलला, ताप कायम. बिलें वाढलीं, आणि मिस्त्रीच्या प्रामाणिकपणाविषयीं घरांत कुजबुज सुरू झाली. शेवटीं दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रीनें कशासही हात लावण्यापूर्वीं दोनच प्रश्न विचारले : पाणी किती दिवसांनीं भरावें लागतें, आणि गाडीखालीं ओघळ दिसतो काय? पाणी कमी होत होतें, ओघळ नव्हता. त्यानें इंजिन थंड असतांना झांकण काढून तें सुरू केलें. पाण्यांतील बुडबुडे थांबेचनात. मग त्यानें तेथील वायु एका निळ्या द्रवांतून जाऊं दिला. द्रव पिवळा झाला. जळलेला वायु पाण्यांत शिरत होता, म्हणजे हेड गॅस्केट गेलें होतें.

चरकसंहितेच्या निदानस्थानांत निदानार्थकर रोगांचा विचार आहे. म्हणजे एक रोगच दुसऱ्याचें कारण होतो. ज्वराच्या संतापापासून रक्तपित्त उद्भवतें, हें तेथील उदाहरण. आमच्या गाडीचें तसेंच झालें. थर्मोस्टॅट हें पहिलें कारण खरें होतें, व तो बदलणारा मिस्त्रीही लबाड नव्हता. परंतु अतितापानें हेडला बांक आला, गॅस्केट फुटलें, आणि जें कार्य होतें तेंच नवें कारण होऊन बसलें. गाडी घाटांत किती वेळ तापली होती, हें त्यास कोणी सांगितलें नाहीं, आणि त्यानेंही विचारलें नाहीं.

दुरुस्तीनंतरच्या तापाचें आणखी एक कारण याहून साधें आहे. पाणी काढून पुन्हां भरतांना आंत हवा कोंडते, आणि जेथें हवा अडते तेथें पाणी फिरत नाहीं. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं या शहरास जमिनीखालून जी नहर आणिली, तिच्यावरही हवेसाठीं व साफसफाईसाठीं ठिकठिकाणीं तोंडें ठेवावीं लागलीं. मोटारीचें पाणी भरतांनाही तें सावकाश भरून, इंजिन चालू ठेवून, कोंडलेली हवा निघून जाऊं द्यावी. भरतांना बोअरचें पाणी मात्र वर्ज्य करावें. त्याचा जो थर तांब्याच्या बंबांत बसतो, तोच रेडिएटरांतही बसतो. शुद्ध पाणी व कूलंट यांचें गाडीच्या पुस्तकांत दिलेलें मिश्रणच घालावें.

कांटा चढूं लागला तर थंड हवेचें यंत्र बंद करून गरम हवेचें चालू करावें. आंतल्यांस उकडेल, पण इंजिनाची उष्णता थोडी बाहेर पडेल. तांबड्या रेघेस टेकतांच गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें. झांकणास मात्र तासभर तरी हात लावूं नये. दाबाखालचें पाणी उसळून तोंड व हात भाजतात. लग्नाचा मुहूर्त चुकला तरी चालेल.

गॅरेजांत जातांना गाडी केव्हां तापली, किती वेळ, पाणी किती घटलें, पूर्वीं काय बदललें, हें चार ओळींत लिहून न्यावें. वैद्यापुढें रोग्याची हकीकत सांगण्यास घरचें वडील माणूस जातें. मोटारीस तर वाचाच नाहीं, तिची हकीकत धन्यानेंच सांगितली पाहिजे.