गाणे फुकट, सातबारा स्वतःचा

मागच्या जिल्हा बैठकीहून परतताना जीपच्या मागच्या बाकावरच्या दोन तरण्या पोरांनी मोबाईलवर काहीतरी लावले. ठेक्यावर कुणीतरी भरभर बोलत होते. ना आलाप, ना तान. पुढे बसलेले एक जुने कार्यकर्ते वैतागून म्हणाले, "बाबांनो, हे गाणे आहे का भांडण?" पोरे हसली. एक म्हणाला, "काका, हा शिकागोचा पोरगा आहे. पहिल्या गाण्यांचा एक पैसा घेतला नाही त्याने." काका ताडकन म्हणाले, "मग आपल्यासारखाच म्हणायचा! आपणही वर्षानुवर्षे फुकटच देत आलो."

जीपमध्ये हशा पिकला. पण नंतर त्या पोराची हकीकत नीट समजावून घेतली, तेव्हा ध्यानात आले की काकांचा विनोद चांगला होता, हिशोब मात्र चुकला होता. त्याचे फुकट देणे आणि आपले फुकट देणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

पोराचे नाव चान्सलर बेनेट. गाण्यातले नाव 'चान्स द रॅपर'. २०११ साली शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना तो शाळेच्या आवारात गांजासह सापडला आणि त्याला १० दिवस शाळेबाहेर काढले. चूक त्याची होती, त्यात झाकण्यासारखे काही नाही. पण त्या १० दिवसांत त्याने गाणी रचायला घेतली. ३ एप्रिल २०१२ रोजी १४ गाण्यांचा संच बाहेर आला. नाव ठेवले '१० डे', म्हणजे '१० दिवस'. त्यातल्या पहिल्याच गाण्याचे नाव '१४,४०० मिनिट्स'. १० दिवसांची तेवढीच मिनिटे होतात. शिक्षेची मिनिटे मोजून त्याने त्यांचे पीक काढले.

अशा संचाला 'मिक्सटेप' म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास काळ्या वस्तीतल्या पोरांनी गल्लीतल्या नाचगाण्यांतून हा प्रकार सुरू केला. तिथल्या कार्यक्रमांच्या कॅसेटी या हातातून त्या हातात जात. आपल्याकडे शाहिरांच्या, भजनांच्या कॅसेटी एकमेकांकडून भरून घेत, तशाच. रॅप म्हणजे ठेक्यावर, यमक जुळवत, आपल्या जगण्याची हकीकत मांडणे. पोवाडा ऐकलेल्या माणसाला ते परके वाटायचे कारण नाही.

कापूसवाल्याला तर मुळीच नाही. शिकागोची काळी वस्ती आली कुठून? अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या पट्ट्यातून. गुलामगिरी संपल्यावरही तिथली काळी कुटुंबे गोऱ्या मालकाची जमीन बटाईने कसत. बियाणे, मीठमिरची, कपडालत्ता मालकाच्या दुकानातून उधारीने. हंगाम संपला की हिशोब मालकच लिहिणार आणि बाकी कुळाच्याच अंगावर निघणार. १९४४ साली मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेलजवळ कापूस वेचणारे यंत्र लोकांसमोर चालवून दाखवले आणि वेचणाऱ्या हातांचीही गरज संपत चालली. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख काळी माणसे दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांकडे गेली. त्यांतली लाखो शिकागोला उतरली. पुढे त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या पिढ्यांनी रॅप उचलला. आपण ज्याला भांडण म्हणालो, त्याच्या मुळाशी कापसाचा न मिळालेला हिशोब आहे.

आता मुद्द्याचे. त्या देशात गाण्याचा धंदा कसा चालतो? ध्वनिमुद्रिकांची कंपनी होतकरू गायकाला आगाऊ रक्कम देते. आपल्या भाषेत, उचल. स्टुडिओचा खर्च आणि बऱ्याचदा चित्रफितीचा खर्चही त्याच्याच खाती मांडला जातो. हा सगळा खर्च गायकाच्या वाट्यातून वळता होईपर्यंत त्याच्या हाती विक्रीचा पैसा येत नाही. सालगड्याची उचल जशी साल संपले तरी फिटत नाही, तसेच. आणि उचल फिटली तरी मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुतेक करारांत कंपनीकडेच राहते. नांगरले त्याने, पेरले त्याने, सातबारा मात्र दुसऱ्याचा.

चान्सकडे कंपन्या चालून आल्या. त्याने एकाही मोठ्या कंपनीच्या कागदावर सही केली नाही. '१० डे' त्याने इंटरनेटवर सर्वांना मोफत दिली. २०१३ साली 'अ‍ॅसिड रॅप' नावाची दुसरी मिक्सटेप आणली, तीही मोफत. ऐकणारा वर्ग तयार झाला. तो वर्ग पैसे देऊन त्याच्या कार्यक्रमांना येऊ लागला, त्याच्या नावाच्या टोप्या आणि सदरे घेऊ लागला. २०१६ साली तिसरा संच 'कलरिंग बुक' आला, तेव्हा अ‍ॅपल कंपनीने पहिले दोन आठवडे तो फक्त आपल्याकडे ठेवण्यासाठी त्याला ५ लाख डॉलर दिले. हा आकडा त्याने स्वतःच जाहीर केला. म्हणजे शेत विकले नाही, दोन आठवड्यांच्या मक्त्याने दिले. मुदत संपली, शेत परत मालकाकडे.

पुढची गंमत पाहा. ग्रॅमी हा अमेरिकेतला गाण्याचा सर्वांत मोठा पुरस्कार. जो संच विक्रीला नाही त्याला तिथे प्रवेशच नव्हता. मोफत गाणारे या नियमाविरुद्ध बोलू लागले, चान्सही त्यांत होता. जून २०१६ मध्ये नियम बदलला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये चान्सने तीन ग्रॅमी घेतले. त्यांत सर्वोत्तम रॅप संचाचा पुरस्कारही होता. नियम देवाने केलेले नसतात. ज्याच्या हाती माल आहे त्याने रेटा लावला की ते हलतात.

हाच रेटा सगळ्यांना जमला असे नाही. जानेवारी २००७ मध्ये अटलांटा शहरात पोलिसांनी 'डीजे ड्रामा' या प्रसिद्ध मिक्सटेपवाल्याच्या जागेवर छापा घातला, त्याला अटक केली आणि ८० हजारांहून अधिक तबकड्या जप्त केल्या. आमच्या वयाच्या कापूसवाल्यांना हे सांगायला नको. एकाधिकार खरेदीच्या वर्षांत स्वतःचा कापूस राज्याबाहेर नेणाऱ्याच्या गाड्या सीमेवर कशा अडवल्या जात, ते आपण पाहिले आहे.

मात्र उगीच हुरळून जाऊ नका. चान्सने फुकट दिले म्हणून आपणही द्यावे, असा अर्थ कुणी काढला तर तो गाढवपणा ठरेल. गाणे एकदा तयार झाले की त्याची हजारावी प्रत काढायला खर्च येत नाही. कापसाच्या दर क्विंटलला बियाणे, फवारणी, वेचणी नव्याने लागते. ज्वारीची प्रत निघत नाही, ज्वारी पिकवावी लागते. शिवाय हा पोरगा अगदी उघड्यावरचा नव्हता. बाप शहराच्या राजकारणात वावरलेला होता. त्याच्याएवढेच गुण असलेली कितीतरी पोरे मागेच राहिली.

आणखी एक गोष्ट विसरू नये. त्या गाण्यांतला काही भाग शिकागोच्या सार्वजनिक वाचनालयात तयार झाला. तिथे २००९ पासून शाळकरी पोरांसाठी मोफत खोली आहे. संगणक, माईक आणि शिकवणारी माणसे तिथे असतात. कुणी त्याला अनुदान दिले नाही, कर्जमाफी दिली नाही. दार उघडे ठेवले, एवढेच. सरकारने करायचे ते एवढेच असते आणि नेमके तेच आपल्या तालुक्याच्या गावी होत नाही. मार्च २०१७ मध्ये त्याच पोराने शिकागोच्या सरकारी शाळांना १० लाख डॉलर दिले. ज्या व्यवस्थेने १० दिवस बाहेर काढले तिलाच तो देऊन मोकळा झाला. हातचे राखले होते म्हणून देता आले.

तेव्हा काकांना उत्तर असे. आपण फुकट देतो ते भाव दुसरा ठरवतो म्हणून. त्याने फुकट दिले ते भाव ठरवायचा हक्क त्याच्याकडे होता म्हणून. शून्य हासुद्धा भावच आहे, पण तो मालकाने लावलेला असला पाहिजे.

हे शिकागोपुरते नाही. आपल्या गावागावांत पोरेपोरी मोबाईलवर गाणी रचत आहेत. आपल्या किती लोकगायकांनी किरकोळ एकरकमी पैशावर गाणी लिहून दिली आणि कंपन्या त्यावर वर्षानुवर्षे कमावत राहिल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. २०१२ साली, म्हणजे '१० डे' आली त्याच वर्षी, आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा बदलला. गाणे लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीतला हिस्सा आता कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. हे पोरांना माहीत नसते, कारण घरात कुणी सांगत नाही.

मायबहिणींनो, भावांनो, पोरगा ठेका धरून बडबडत असेल तर त्याला हाकलू नका. एकदा बसून ऐका, काय म्हणतो ते. आणि कुणी कागद घेऊन दारात आला, तर सही करण्याआधी तो कागद पुढच्या बैठकीला घेऊन या. जमिनीचा कागद आपण दहा जणांना दाखवतो. गाण्याचाही दाखवावा.