कणगी मोठी, खळं लहान

आमच्या इनामगावचं नाव पुस्तकांत गेलं ते घोड नदीकाठच्या उत्खननामुळं. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात इथं खणून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव वर काढलं. त्या घरांत कणग्या ठेवायचे मातीचे गोल ओटे सापडले. म्हणजे साठवण हा आमच्या गावचा जुना विषय. तरी लॅपटॉप घेताना आम्ही हटकून फसतो.

पुतणी कॉलेजात आहे. तिचा लॅपटॉप रखडायला लागला तेव्हा ती म्हणाली, "काका, मेमरी फुल झालीय, फोटो उडवते." फोटो उडवून काही फरक पडला नाही. पडणारही नव्हता. हार्ड डिस्क म्हणजे कणगी आणि रॅम म्हणजे खळं. कणगी रिकामी केली म्हणून खळं रुंद होत नाही. ब्राउझरमध्ये वीसेक पानं उघडी, जोडीला कॉलेजच्या ऑनलाइन तासाचा व्हिडिओ, आणि खळं अवघं चार जीबीचं. दुकानदाराचा सल्ला एकच होता, "ताई, नवाच घ्या."

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहिली. वापर नव्वद टक्क्यांच्या वर. खाली लिहिलेलं, दोन स्लॉटपैकी एक वापरात. दुसरा रिकामाच! अर्धं काम तिथंच झालं. पातळ लॅपटॉपांत पुष्कळदा रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथं मात्र हात टेकायचे.

रॅम घेताना पिढी जुळली पाहिजे. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना, डीडीआर४ला २६०, डीडीआर५ला २६२. खाचही वेगळ्या जागी असते, त्यामुळं चुकीची पट्टी बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, पावती शोधा. दोन पट्ट्यांचे वेग वेगळे असतील तर दोन्ही कमी वेगानं चालतात.

मागचं झाकण उघडलं तर पंख्यावर धुळीचा जाड थर. उसाच्या गावात पाचट पेटलं की काजळी घराघरात येते, ती लॅपटॉपला का सोडेल? मऊ ब्रशनं ती काढली. चार्जर आधीच काढला होता. बॅटरीची वायरही सोडवली. खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. पट्टी कडेला धरून तिरकी स्लॉटमध्ये सारली आणि खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या चापांनी टक् करून ती पकडली. पुतणीनं हे सगळं स्वतःच्या हातानं केलं, मी फक्त टॉर्च धरला. आठ जीबी दिसले आणि तास न अडकता चालला.

आता महागाईचं. २०२५च्या शेवटापासून रॅम जगभर महाग झाली आहे. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी इतकी लागते की कारखाने तिकडंच वळलेत. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५मध्ये 'क्रुशल' या नावानं ग्राहकांना पट्ट्या विकायचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमच्या शिरूर तालुक्यातल्या गिऱ्हाइकाला त्याची झळ बसते, हे मला जरा गमतीचं आणि बरंचसं संतापजनक वाटतं.

आणखी एक. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ किमान चार जीबी मागतं, पण जुना प्रोसेसर चालवून घेत नाही. रॅम वाढवून ती अडचण सुटत नाही. तिथं लिनक्स टाकून पाहावं. आणि लॅपटॉपात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर पहिला पैसा एसएसडीवर घाला, रॅम नंतर.

तेव्हा नव्या लॅपटॉपसाठी हप्ते बांधायच्या आधी मॉडेल नंबर लिहून घ्या, स्लॉट रिकामा आहे का बघा आणि पट्टीचा भाव दोन दुकानांत विचारा.